टाक होता होता राहिलेलं नाणं

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे ते खरं मानणारा माणूस माण तालुक्यात तरी अजून जन्माला यायचा आहे. तुम्हीही मानू नका, पण ऐका. मी एक जुनं नाणं आहे. वीस रुपयांचं, चांदीचं, एका अंगाला सिंह आणि दुसऱ्या अंगाला पीक. मुंबईच्या टांकसाळीत मला अशी झळाळी दिली, की माझ्यात बघून माणसानं मिशी कोरावी. बाजारात फिरणं माझ्या नशिबी नव्हतंच. निळ्या पेटीत, मखमलीच्या खळग्यात मला बसवलं. शेजारी धाकटी भावंडं. त्यात एक पन्नास पैशांचं.

कृष्णात नावाच्या हवालदारानं त्र्याहत्तर सालात सुट्टीवर येताना ही पेटी आणली आणि बायकोच्या, शालूबाईच्या, हातात ठेवली.

"ह्याला बोट लावायचं न्हाई. जितकं जुनं हुईल तितकी किंमत वाढंल. पोरगी लग्नाला येईस्तवर ह्यातनं मळा उभा ऱ्हातोय बघ."

"आन् न्हाई वाढली तर?"

"तर वीस रुपयं कुठं पळून जात न्हाईत."

तो पलटणीत परत गेला आणि आम्ही ट्रंकेत गेलो. त्या दिवसापासून माझ्या जिवात जीव नाही. घरात देवाची भांडी घासायला चिंच आणि राख निघाली, की मी खळग्यात अंग चोरून बसायचो. राखेचा एक हात फिरला असता तरी माझी झळाळी संपली असती. पण माझा काळ चिंचेच्या रूपानं यायचा नव्हता. तो शालूबाईच्या सासूच्या, धोंडुबाईच्या, रूपानं आला.

झालं असं, की थोरल्या लेकापासून चूल वेगळी झाली आणि घरचे देव थोरल्याकडे राहिले. नव्या देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव, म्हणजे टाक, हवा होता. तो नव्हता, म्हणून सुपारी मांडली होती. म्हसवडच्या सिद्धनाथाची यात्रा जवळ आली, तशी म्हातारीला झोप येईना.

"शाले, ट्रंकंत चांदी लोळतीया आन् देव सुपारीत बसलाय. बरं दिसतंय व्हय?"

"आत्ती, ह्यांनी हात लावू नगा म्हनून बजावलंय. त्येची किंमत वाढती म्हनं."

"कवा?"

"ते न्हाई सांगितलं," शालूबाई हळूच म्हणाली.

"मग माझ्या डोळ्यांम्होरं तरी व्हायचं न्हाई. चल, ऊठ."

बाजारच्या दिवशी शालूबाईनं पेटी पदराखाली छातीशी धरली. तिचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं. नवऱ्याचा शब्द मोडला तर तो रजेवर आल्यावर त्याला तोंड कसं दाखवायचं, आणि सासूचा मोडला तर रोज एकाच चुलीपुढं कसं बसायचं? ती अशी भ्यालेली आणि मी तिच्याहून भ्यालेला.

अर्जुना सोनाराच्या दुकानात भाता फुसफुसत होता. माझ्यापुढं कुण्या लेकराचा वाळा होता. सोनारानं तो मुशीत टाकला. बघता बघता त्याचे घुंगरू मऊ झाले, त्याचा गोल बसला आणि वाळा म्हणून काही उरलंच नाही. नुसता एक थेंब गरगरत राहिला. मित्रांनो, त्या थेंबाला आपण वाळा होतो हे आठवत असेल का? मला त्या विचारानंच घाम फुटला. चांदीला घाम फुटतो, हे त्या दिवशी मला कळलं.

"मामा, जरा थांबा की," शालूबाई म्हणाली.

"थांबायचं काय त्यात? देवाचं काम हाय," धोंडुबाई म्हणाली.

आणि चिमटा माझ्याकडे आला. इथून पुढचं नीट ऐका. मी मुशीत पडलो मात्र, भात्यातला वाराच संपला! लाल निखारे पांढरे पडले. सोनारानं फुंकर मारली, तर त्याच्याच मिशीला धग लागली. दुसरी मूस घेतली, तिची दोन छकलं झाली. शेवटी तो उठून उभा राहिला, मला हात जोडले आणि म्हातारीला म्हणाला, "मावशी, ह्या नाण्यात असलं तेज हाय, की इस्तवालाबी त्येची भीती वाटती. जपून ठिवा, लाखाला जाईल."

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या वस्तूला घाई करू नका. तिला घासू नका, मोडू नका. अस्सल असेल तिची किंमत काळ वाढवतोच, आणि माझ्यासारखं अस्सल...

"लबाड बोलतंय हे," शेजारच्या खळग्यातून पन्नास पैशांचं नाणं म्हणालं. "मी हितंच हुतो. मुशीत गेलंच न्हाई ते. अर्जुनानं कडंला कानस मारली, वर तेजाबाचा थेंब टाकला आन् म्हनला, ‘मावशी, ह्यात निम्मी भेसळ हाय. ह्येचा देव व्हायचा न्हाई.’"