रुपेशच्या जागी मी गेलो

टाचण्या टोचलेलं लिंबू. बुटीबोरीच्या कंपनीचं फाटक. टोकन एकशे बारा. तुटलेला दोरा. भाताचा घास, आधी आईच्या तोंडात.

मित्रांनो, मी एक जुना शर्ट आहे, निळ्या चौकटींचा. वरचं सगळं मी पाहिलं आहे. क्रम तेवढा माझ्याकडे राहिला नाही. घड्या फार पडल्या.

नागपूरच्या एका शिलाईखान्यात मी जन्मलो. माझा मालक रुपेश बुटीबोरीच्या कंपनीत लागला तेव्हा इस्त्री करून मला घालायचा. "आज पोरगी पाहाले चाल्ला काय बे?" असं त्याच्या सोबत्यांनी एकदा विचारलं. त्या दिवशी माझी कॉलर उगाच ताठ होती.

एकोणतिसाव्या वर्षी तो काम सोडून गावी, अल्लीपूरला परतला. भिंतीतून माणसं आपल्याबद्दल बोलतात, म्हणायचा. आई धुरपताने आधी घास खाल्ला, तरच तो जेवायचा. बावीस दिवस त्याने मला अंगावरून उतरवलं नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. दुखणेकरी यायला तयार नसला, तर झाडफूक करणाऱ्या जाणत्याकडे त्याचा अंगावरचा कपडा नेतात, न धुता. एका दुपारी उकाड्याने रुपेशने मला काढून फेकलं आणि धुरपताने उचललं. तिने आणि वडील प्रेमदास यांनी मला तीन गावं फिरवलं. कुणी हुंगलं, कुणी लिंबू उतरवलं. घरी फरक काही पडला नाही.

"आता दवाखान्यात न्या त्याले," रुपेशची बहीण पौर्णिमा चिडून म्हणाली.

"तो उंबऱ्याच्या बाहीर येऊन राह्यला काय?" धुरपता म्हणाली.

म्हणून त्यांनी वर्ध्याच्या दवाखान्यातही मलाच नेलं. पाच तास बाकावर बसल्यावर एकशे बारा नंबर आला. प्रेमदासांनी मला टेबलावर ठेवलं.

"पेशंट कुठे आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"येत नाई मॅडम. त्याचा शर्ट आणला. धुतला नाई बरं."

दारातल्या रांगेतून कुणी म्हणालं, "काका, लॉन्ड्री खाली आहे!"

धुरपताने मागे न पाहताच म्हटलं, "तुह्या घरी असं न होवो, बापू."

डॉक्टरबाईंनी मला उलगडलं. "किती दिवस घातला होता?"

"बावीस."

"ही गुंडी कशी तुटली?"

"मी हात धरला त त्यानं झटका मारला. जेवनात विष हाये म्हने." धुरपताने तुटलेल्या दोऱ्यावर बोट ठेवलं.

विचारता विचारता कागद भरला. मग बाई म्हणाल्या, "हा आजार आहे, आई. उपचार आहेत. पण शर्टाला तपासून गोळी देता येत नाही. मंगळवारी आमची गाडी तुमच्याकडे येते. मी घरी येईन."

"अन् तो पयाला त?"

"तर पुढच्या मंगळवारी येईन."

दोन मंगळवार तो मागच्या दाराने शेतात गेला. तिसऱ्या मंगळवारी ओट्यावर बसून तासभर बोलला. आता गोळ्या सुरू आहेत. कधी घेतो, कधी थुंकतो. आवाज थोडे लांब गेलेत, म्हणतो. रात्री त्याच्यासाठी जागणारे प्रेमदास मात्र दिवसा बसल्या जागी डुलक्या घेतात. धुरपता अजूनही त्याच्या ताटातला पहिला घास खाते.

मित्रांनो, आजार मनाचा असला तरी दवाखान्याची वाट लवकर धरा. आणि तिथे कुणी म्हातारा-म्हातारी पेशंटशिवाय, नुसता कपडा घेऊन बसलेली दिसली, तर हसू नका. सरकून जागा द्या. ती फार दुरून आलेली असतात.

एक क्रम मात्र मला पक्का आठवतो: पहिल्या पगाराला रुपेशने आधी बाबांच्या मापाचा शर्ट निवडला होता, मग मला.