कबुलीची कॉफी

वकिलाकडे जायच्या दिवशी रस्मियानं घरात सांगितलं की दाताच्या डॉक्टरकडे जातेय. दात दुखत असता तर परवडलं असतं. वकील करायचा म्हणजे दिराच्या शब्दावर आपला भरवसा नाही असं चारचौघांत सांगायचं, आणि दीर अबू सत्ताम तर अख्ख्या कुळाचा कारभारी. तह झालाय, माणसांनी शब्द दिलाय, आता कागद काळे करणाऱ्यांचं इथं काही काम नाही, असं त्यानं बजावलं होतं. पण तहाला चार महिने झाले तरी रस्मियाचा मुलगा नायफ तुरुंगातच होता, आणि तो घरी कधी येणार ते कुणी सांगत नव्हतं. शेवटी तिच्या मुलीनं, शुरूकनं, करक शहरात गरिबांचे खटले फुकट लढवणारं एक कार्यालय शोधून काढलं.

तिथली वकीलबाई सुहैर तिशीची होती. तिनं आरोपाचा कागद पुढे ओढला, तशी रस्मियाच म्हणाली की ते तिला ठाऊक आहे. खुनाचा आरोप नाही, मारहाणीचा आहे. पोलीस ठाण्यातल्या कारकुनानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"मावशी, त्यानं अर्धंच सांगितलं," सुहैर म्हणाली. "नुसती मारहाण वेगळी. तिला काही आठवडे, फार तर काही महिने. इथं लिहिलंय, मारहाण आणि तिच्यातून मृत्यू. मारायचा हेतू नव्हता हे धरूनही ह्याला कमीत कमी सात वर्षं आहेत."

त्या अर्ध्या वाक्यावर रस्मियानं काय करून ठेवलं होतं, ते तिचं तिलाच माहीत होतं.

भांडण बेकरीसमोर झालं होतं, वाटेत आडव्या लावलेल्या एका गाडीवरून. आठदहा जण एकमेकांना भिडले, पलीकडच्या कुळातला आतिफ कुणाच्या तरी धक्क्यानं मागं पडला आणि त्याचं डोकं पायरीवर आपटलं. नायफ तेव्हा नुकताच बेकरीतून बाहेर आला होता. दोन्ही हातांवर गरम रोट्या पसरलेल्या. त्या टाकून तो धावला, आतिफला उचलून आपल्या गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं. तिथंच पोलिसांना तो सापडला, शर्टावर रक्त असलेला. पळून गेलेले सुटले आणि मदत करणारा अडकला. आतिफ संध्याकाळी गेला आणि त्याच्या दोन चुलतभावांनी नायफचं नाव घेतलं.

आता तह हवा होता, नाहीतर घरं पेटली असती आणि रिवाजानं नायफच्या अख्ख्या कुळाला गाव सोडावं लागलं असतं. तहाचे दोन प्रकार. एकात आपण म्हणायचं की आमच्या मुलानं केलं की नाही ते ठरू दे. तो आतिफच्या लोकांनी झिडकारला. दुसरा कबुलीचा. अबू सत्ताम दारात येऊन विचारत होता, काय करू, तुझा मुलगा आहे. तेव्हा रस्मियानं विनवणीची रीत म्हणून त्याच्या खांद्याचं चुंबन घेऊन म्हटलं होतं, मारहाणच आहे ना, मग द्या कबुली, पण माझ्या पोरीला ह्या घरातून उठवू नका. मग चाळीस वडीलधारी आतिफच्या बापाच्या मांडवात जाऊन बसले. रिवाजाप्रमाणे, मागणं मान्य होईपर्यंत, कॉफीचे कप समोर न पिता ठेवले. अबू सत्ताम म्हणाला, आमच्या मुलानं केलं. आतिफचा बाप म्हणाला, कॉफी प्या. शेजारच्या घरातल्या पडद्याआड उभ्या असलेल्या रस्मियाचा जीव भांड्यात पडला आणि ती रडली. त्या रडण्याची आता तिला लाज वाटली.

त्या कबुलीचा सह्या केलेला कागद खटल्याच्या कागदपत्रांत लावलेला होता. सुहैरनं तो दाखवला. न्यायाधीश ह्याला गुन्ह्याची कबुली मानतीलच असं नाही, ती म्हणाली. बेकरीवाला रमदान, इजिप्तचा माणूस, साक्ष द्यायला तयार आहे की आतिफ पडला तेव्हा नायफच्या हातांवर रोट्या होत्या. पण अबू सत्तामनं कोर्टात येऊन एवढं सांगायला हवं, की शांततेसाठी आम्ही शब्द दिला, आमच्यातल्या कुणी काही पाहिलं नव्हतं.

रस्मियानं ते त्या रात्रीच दिराला सांगितलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, दिलेला शब्द मी कोर्टात जाऊन गिळला, तर तहाला जामीन राहिलेल्या शेखचं तोंड काळं होईल, तह मोडेल, बावीस घरांना गाव सोडावं लागेल. मग हळूच म्हणाला, की त्यालाही नायफ निर्दोषच वाटतो. हे तो फक्त तिच्याजवळ म्हणाला.

वकील केल्याची बातमी मात्र फुटली. आठवड्याभरात दोन चुलत घरांनी गाव सोडायच्या तयारीनं गाद्या बांधून ठेवल्या.

भेटीच्या दिवशी काचेपलीकडे नायफ बसला. तिनं फोन कानाला लावून सुहैरचा निरोप शब्दन् शब्द सांगितला. न्यायाधीश विचारतील दोषी की निर्दोष, तू निर्दोष म्हणायचंस. बाकीचं वकीलबाई बघतील. नायफनं मान हलवली.

"बरं यम्मा. घरी काय चाललंय?"

तिनं खोटं बोलायला हवं होतं. पण आईला मुलानं घरचं विचारलं की ती सांगतेच. तिनं गाद्यांचं सांगितलं. शब्द मोडू नका असा शेखचा निरोप आला होता ते सांगितलं.

"आणि शुरूकची बारावी?"

"जूनमध्ये आहे."

"केंद्र कुठं आलंय?"

केंद्र आतिफच्या लोकांच्या भागातल्या शाळेत आलं होतं. तिनं तेही सांगितलं. नायफ काचेवर बोट घासत बसला आणि वेळ संपली.

राजधानीत, अम्मानच्या मोठ्या कोर्टात न्यायाधीशांनी आरोप वाचला आणि विचारलं. नायफनं सुहैरकडे पाहिलंच नाही. तो मागच्या बाकांवर बसलेल्या काकांकडे बघत होता.

"मी दोषी आहे."

सुहैरनं थोडा वेळ मागून घेतला, पिंजऱ्याजवळ जाऊन त्याच्याशी बोलली. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. रमदान बाहेर धुतलेला शर्ट घालून बसला होता. त्याला आत बोलावलंच नाही.

सात वर्षांची शिक्षा झाली. मग आतिफच्या बापानं उठून फिर्यादीचा आपला हक्क सोडला आणि सातांची साडेतीन झाली. व्हरांड्यात काकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. सुहैर रस्मियाचा हात धरून उभी राहिली.

पुढच्या शुक्रवारी अबू सत्तामच्या बैठकीत दोन्ही कुळांचं जेवण झालं. आतिफचा बाप मानाच्या जागी होता. जेवणानंतर कॉफी फिरू लागली. दिराचा मुलगा एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात कप घेऊन एकेकाला वाढत होता, तेवढ्यात रस्मिया आत आली. बायका त्या खोलीत येत नाहीत. पण विधवा आणि तुरुंगातल्या मुलाची आई, तिला कोण उठवणार? ती दाराशी बसली. पुतण्यानं गोंधळून तिलाही कप दिला. तिनं तो न पिता समोर जमिनीवर ठेवला.

न प्यालेल्या कॉफीचा अर्थ तिथल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होता. बाईनं तो कप असा ठेवलेला मात्र कुणी पाहिला नव्हता. आता घरच्या धन्यानं विचारणं भाग होतं.

"कॉफी पी, उम्म नायफ," मुलाच्या नावानं तिला हाक मारत अबू सत्ताम म्हणाला. "काय हवंय तुला?"

"एकच वाक्य हवंय, अबू सत्ताम. इथं, ह्या सगळ्यांसमोर म्हणा. नायफच्या हातांत रोट्या होत्या."

आतिफच्या बापानं डोळे मिटून घेतले. त्यालाही ते माहीत असावं. अबू सत्तामच्या बोटांतली जपमाळ थांबली, आणि क्षणभर रस्मियाला खरंच वाटलं की हा बोलेल. मग त्यानं मुलाला मानेनं खूण केली.

मुलानं तिच्या पुढ्यातला कप उचलला, त्यातली कॉफी दाराबाहेर ओतली आणि तोच कप भरून पुढच्या पाहुण्याला दिला.