पुंजण्यांखालची जागा

भोजराजला मिळायचं होतं ते थोडंथोडकं नव्हतं. पक्क्या भिंतींचं सरकारी घरकुल, आणि लग्नाच्या वयाला आलेल्या पोरासाठी, पिंटूसाठी, त्यात वेगळी खोली. त्यासाठी फक्त एक थाप मारायची होती, तीही विमानाला. सौदा स्वस्त होता, निदान त्याला तरी तसा वाटला.

अडचण जागेची होती. लाखांदूरच्या अलीकडे, गावाच्या नाल्याकाठी त्याच्या नावावरची ती जागा सखल होती. आणि आता म्हणे अख्ख्या महाराष्ट्राची जमीन विमानातून लेझर सोडून मोजणार, कुठं उंच, कुठं खोल याचा नकाशा करणार, पुराचं पाणी कुठवर चढेल ते त्यावरूनच ठरवणार. जागा पुराच्या पट्ट्यात गेली की घरकुल गेलं.

मोजणीच्या कामावर नागपूरहून रुचिका नावाची मुलगी आली होती. विमानातून खूण दिसावी म्हणून ती रस्त्यावर पांढरी फुली रंगवत होती. भोजराजनं तिला चहा पाजला. उगाच चहा पाजणाऱ्यांतला तो नव्हे.

"बाई, वरून झाडंबी मोजता का जी?"

"मोजतो ना काका. मग गाळून टाकतो. झाडं, घरं सगळं काढून खालची जमीन तेवढी ठेवतो."

भोजराजनं डोकं लढवलं. झाड मशीन ओळखेल, घर ओळखेल. ती पुण्या-मुंबईतही असतात. पण धानाचा पुंजणा? कापलेल्या धानाचे भारे रचून आपण घराएवढा ढीग उभारतो, तो तिकडच्या मशीननं कधी पाहिला? पुंजण्याला पुंजणा खेटून रचला, तर वरून टेकाडच दिसणार.

स्वतःचं धान मात्र त्यानं दिवाळी होताच चुरून, म्हणजे मळणी करून, विकलं होतं. मग तो शेजारच्या अंगणात गेला, थोरल्या भावाच्या विधवेकडे.

"वहिनी, यंदा तुमचे पुंजणे माह्या जागेवर रचा."

"काहून? माह्या शेतातली बांधी का चोरीले गेली?" शकुनबाईनं विचारलं.

"विमान येऊन राहिलं. ते गेलं का लगेच चुरा."

"विमानाले धान दाखवता भाऊजी? पोरगी पाहाले येऊन राहिलं का ते?"

ती हसली. पण पिंटू तिच्याच अंगाखांद्यावर वाढला होता. तिनं एकेक भारा डोक्यावर वाहून सगळं पीक त्याच्या जागेवर रचलं. वर ताडपत्री घालायला निघाली, तर भोजराज आडवा आला.

"टेकाडाले निळी ताडपत्री असते का कुठं?"

विमान काही येईना. आधी धुकं, मग ढग. भोजराज फोन करी, रुचिका म्हणे, "काका, आजही उड्डाण नाही." इकडे शकुनबाई विचारी, "भाऊजी, चुरू का आता?" तो म्हणे, "उद्या येतेच, वहिनी." पानठेल्यावरचे लोक त्याला बघून आभाळाकडे हात जोडत. सरकारला अर्ज करता येतो, तलाठ्याच्या मागे लागता येतं. ढगांच्या मागे कोण लागणार?

एका दुपारी अवकाळी पाऊस कोसळला. भोजराजनं स्वतःच ताडपत्र्या ओढल्या. दुसरं टोक शकुनबाईनं धरलं. वरून सगळं झाकलं गेलं. पाणी खालून आलं. नाला फुगला, नेहमीच्या वाटेनं जागेत शिरला आणि तळचे भारे तरंगू लागले. जागा सखल आहे हे दाखवायला विमानाची गरजच पडली नाही.

भिजलेलं धान चुरता येईना. भोजराजनं पुंजण्यात हात घातला, तर आत ताप आलेल्या अंगासारखी ऊब.

"कोंब आले, भाऊजी," शकुनबाई एवढंच म्हणाली.

आभाळ मोकळं झालं, तेव्हा विमान आलं. दोघंही तिथंच उभी होती. घरघरत आलं, घरघरत गेलं.

उन्हाळ्यात रुचिकानं ग्रामपंचायतीत लॅपटॉपवर नकाशा उघडला. जागेवर गोल गोल फुगवटे होते. "हे बघा काका, तुमचे पुंजणे." तिनं एक बटण दाबलं. पुंजणे गेले, खाली सपाट जागा राहिली, पुराच्या निळ्या पट्ट्याच्या पार आत.

"म्हंजे धान ओळखलं त्यानं?"

"धान-बिन त्याला काही कळत नाही हो. जमिनीतून एकदम वर उठलेलं जे दिसेल ते काढून टाकतं."

"तुमी जागा थोडीशी उंच नाही करू शकत का जी?"

"काका, माझ्या हातात असतं तर..." तिनं लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी भोजराज घरच्या खाण्यातले काही तांदूळ घेऊन शकुनबाईच्या दारात गेला. तिनं पिशवी उघडूनही पाहिली नाही.

"ठेवा भाऊजी. पिंटूच्या लग्नात लागन."

आता बेरीज करायचीच तर सोपी आहे. मोजणीवाल्यांचं काही गेलं नाही; त्यांचा नकाशा खराच होता. भोजराजचं घर गेलं, पण ते अजून उभं कुठं होतं? शकुनबाईला या सौद्यात काही मिळायचंच नव्हतं. वर्षाचं धान गेलं ते तिचं.