द्रौपदाबाईचा चेहरा

"कला म्हणजे मरणाला मारलेली चपराक!" असं जाहीर करून बन्सीलाल आबांनी ॲक्रिलिक रंगाच्या ट्यूबचं झाकण दातांत धरून फिरवलं. झाकण होतं तिथेच राहिलं. कवळी बाहेर आली.

आबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. जळगावात मेहरूणला घर. बायको द्रौपदाबाई गेल्या उन्हाळ्यात वारली, आणि आता वर्षश्राद्धाला तिच्या माहेरची माणसं शिंदखेड्याहून यायची होती. भिंतीवर आबांचे आईवडील, थोरले भाऊ, सगळे हार घालून बसलेले. द्रौपदाबाईचा खिळा तेवढा रिकामा. तिचा उभ्या जन्मात एकच फोटो निघाला होता, पुतण्याच्या लग्नात. आणि त्यात थोरले दीर समोर होते म्हणून पदर हनुवटीपर्यंत. स्टुडिओवाला म्हणाला, "आबा, डाग काढून देतो. पदर नाही निघायचा."

तेव्हा आबांनी ठरवलं, आपणच रंगवायचं. उघड्या तोंडाने ती कुणासमोर वावरली असेल तर ती आपल्याच.

दुकानदाराने सांगितलं होतं, हे रंग नवीन, पटकन वाळतात. ट्यूबवरही तसंच छापलेलं होतं. छापणारा मे महिन्यात जळगावला आलेला नसावा. बशीतून कॅनव्हासपर्यंत जायच्या आत रंग ब्रशवरच जीव सोडायचा. शेजारचा भाईदास बशीत पाणी शिंपडायला बसला होता.

"आबा, हा रंग आहे का सिमेंट?"

"गप रे. कलेला धीर लागतो."

"तुम्हाला आहे धीर. त्याला नाही ना."

साडी बरी उतरली. उजवा हात तर इतका हुबेहूब उतरला की भाईदासच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तो हात आबांना पाठच होता. रोज दोन वेळा तो ताटात भाकरी वाढायचा. आबांची नजर ताटावर असायची, फार तर मनगटापर्यंत जायची.

मग चेहरा आला.

"डोळे कसे होते? काळे का घारे?" भाईदासने विचारलं.

आबांनी बराच विचार केला. "पाणीदार."

"पाण्याला कुठला रंग मारता?"

आबांनी एक नाक काढलं. ते त्यांच्याच आईचं निघालं. पुसायला गेले तर वाळलेलं. त्यावर दुसरं काढलं, त्यावर तिसरं. चेहऱ्याच्या जागी कळण्याच्या भाकरीएवढा जाड थर चढला, पण द्रौपदाबाई काही आली नाही. रात्री भांडताना दिवा मालवलेला असायचा, आणि सकाळी समोर पेपर.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी तिची थोरली बहीण नर्मदाबाई आली. आबांनी तिला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

"अक्का, तुम्हीच सांगा. नाक कसं होतं तिचं?"

नर्मदाबाईंनी त्या थराकडे पाहिलं. "आबा, मना ध्यानमा ती बारा वरीसनी पोर शे. पुढली सारी उमर ती तुमना घरमा व्हती. तुमीच सांगा."

आबांनी ब्रश ओला केला, साडीचा हिरवा घेतला आणि डोक्यापासून हनुवटीपर्यंत पदर ओढून टाकला. एका हाताने, न थांबता. तोही लगेच वाळला.

"हाई तं आमनी द्रौपदाच शे!" नर्मदाबाईंनी हंबरडा फोडला. शेजारच्या बायका धावत आल्या. त्यांनीही लांबूनच ओळखलं. अगदी जशीच्या तशी, सगळ्या म्हणाल्या. आता बोलेल असं वाटतं, म्हणाल्या.

आबा कॅनव्हासपुढे बसून राहिले. काय बोलली असती, तेही त्यांना सुचेना. बशीत चेहऱ्यासाठी कालवलेला, पाणी शिंपडून ओला ठेवलेला गव्हाळ रंग तसाच होता.

भाईदासने मागून वाकून बशीत पाहिलं. 

"आबा, तो रंग आता लागत नसेल ना? वाळायच्या आत द्या की. आमच्या मोरीच्या दाराला एक हात मारून घेतो."