नहोधाची गोळी

आमचा बोका नहोधा तीन दिवस उठलाच नाही. हिरड्या पांढऱ्याफटक. गुरांची डॉक्टरीणबाई म्हणाली, "पिसवांमुळे जंतू रक्तात शिरलेत. रोज एक गोळी, अन्नातून, एकवीस दिवस. सोडलीत तर मांजर गेलं समजा."

आम्हाला मूलबाळ नाही. बोका गेला असता तर माझा नवरा फमाऊ पार खचला असता. मीही खचले असते, पण मी ते बोलून दाखवत नाही.

पहिल्या दिवशी चंगू माशाच्या तुकड्यात गोळी घालून बोक्यापुढे ठेवली. त्याने तोंड फिरवलं. फमाऊने तुकडा आम्ही ओट्यावर जेवत होतो त्या परातीत ठेवला, बोक्याला आधी जरा आंजारू-गोंजारू म्हणून. तेवढ्यात शेजारचा कोम्बो ओट्यासमोरून गेला. जेवताना कोणी दिसलं की आमच्याकडे "ये, जेव" म्हणावंच लागतं. शहाणा माणूस "पोट भरलंय" म्हणून पुढे जातो. कोम्बोला हा शहाणपणा कधीच शिवला नाही. तो बसला आणि पहिला हात त्याच तुकड्याला.

"वहिनी, मासा कडू लागतोय."

"तुमच्या जिभेलाच चव नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही कोम्बो हजर. मी नवऱ्याला डोळे वटारले, तरी हा बाबा "ये, जेव" म्हणालाच. कोम्बो कालवांच्या भावावर बोलत सुटला आणि इतका वेळ मेल्यासारख्या पडलेल्या नहोधाने हळूच पंजा घालून त्याच्या पुढ्यातला तुकडा पळवला. दिलेलं नको, चोरलेलं गोड. मेल्याची जातच तशी.

मग काय, रोज गोळीचा तुकडा कोम्बोच्या पुढ्यात. कोम्बो समुद्राकडे बघून गप्पा हाणायचा, बोका चोरायचा, आम्ही श्वास रोखून बसायचो. ज्याला इतकी वर्षं शिव्या दिल्या, त्याला यायला उशीर झाला तर मीच हाक मारायला धावायचे.

तेविसाव्या दिवशी नहोधाने टुणकन उडी मारून पंजा घातला. कोम्बोने पटकन तुकडा उचलून तोंडात टाकला.

"पुरे आता. एकवीस झाल्या ना गोळ्या?" तो म्हणाला. "पहिली मीच चावली, तेव्हाच डॉक्टरीणबाईला विचारून आलो होतो. समुद्राकडे बघून बघून मान आखडली माझी. आणि वहिनी, कालवांवर माणूस किती बोलणार?"

फमाऊ रडायलाच लागला. मी कोम्बोला अजून भात वाढला, न मागता.