माझ्या छातीवरचा नगरसेवक

मी एक जुना बाक आहे. ओकच्या लाकडाचा, चार माणसांचा, आणि सरकून बसलात तर पाच जणांचा. ओहायोतल्या आमच्या गावात, टेकडीखालच्या बसथांब्यावर मी असतो. मित्रांनो, फुशारकी नाही मारत, पण या गावाचा भार माझ्याइतका कुणीच उचललेला नाही.

थांब्यासमोरच्या कारखान्यात पूर्वी रेल्वेचे डबे बनत. तिथल्या कामगारांनी उरलेल्या फळ्यांतून मला घडवलं, कारण संपाच्या दिवसांत फाटकापाशी जेवण घेऊन येणाऱ्या बायकांना टेकायला जागा नव्हती. पुढे कारखाना बंद पडला आणि त्याच इमारतीत मोठ्या काचांची महागडी घरं झाली. नव्या रहिवाशांना खिडकीतून मी दिसे, आणि माझ्यावर आडवं झालेलं माणूस त्यांना मुळीच खपत नसे. तक्रारी झाल्या. मग नगरपरिषदेने माझ्या छातीवर मधोमध लोखंडी दांडा ठोकला. फार अपमान वाटला मला.

मिस अर्नेस्टिन टॉलिव्हर हॉटेलातल्या खोल्या साफ करतात. कामावरून सुटतात तेव्हा त्यांचे पाय सुजलेले असतात, आणि बस तासातून एकदाच येते. पूर्वी त्या माझ्यावर जरा पडत. आता तिरक्या बसू लागल्या आणि दांड्याला 'नगरसेवक' म्हणू लागल्या. हा ना कामाचा, ना हलायचा, असं त्या बसचालक लामॉन्टला सांगत.

तरी तक्रारी थांबेनात, आणि एक दिवस नगरपरिषदेत ठराव आला, की बाकच उखडून टाका. तासभर उभं राहणं मिस अर्नेस्टिनना जमणार नव्हतं. मी गेलो असतो, तर त्यांची नोकरीही गेली असती.

सभेच्या दिवशी लामॉन्ट आणि त्याच्या मित्रांनी माझे बोल्ट सोडवले, मला खांद्यावर घेतलं आणि थेट सभागृहात नेऊन ठेवलं. माझी अशी मिरवणूक कधी निघाली नव्हती.

आमच्याकडे सभेत प्रत्येक नागरिकाला दोन मिनिटं बोलता येतं, आणि ती मिनिटं दुसऱ्याला देताही येतात. एकेक जण माइकपाशी आला आणि आपली मिनिटं मिस अर्नेस्टिनना देऊन गेला. रांग संपेना. ठराव मांडणारे नगरसेवक हॅल्स्टेड साहेब चुळबुळू लागले.

दांड्याच्या एका बाजूला मिस अर्नेस्टिन पाय वर घेऊन बसल्या, दुसऱ्या बाजूला मला उचलून दमलेले दोघे.

"मला भाषण नाही करायचं," त्या नगरपरिषदेच्या सदस्यांना म्हणाल्या. "हा सगळा वेळ आता माझा आहे. तेवढा वेळ तुम्ही उभे राहा. बस येतेय असं समजा."

सगळं गाव बघत होतं. सदस्य उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी पाय बदलले, मग हळूच टेबलाला टेकले.

"टेकायचं नाही हं. थांब्यावर टेबल नसतं."

शेवटी हॅल्स्टेड साहेब गुडघा चोळत माझ्यापाशी आले.

"जरा सरकता का?" त्यांनी विचारलं.

"सरकले असते हो," मिस अर्नेस्टिन म्हणाल्या, "पण मध्ये नगरसेवक आहे ना."

सभागृह हसलं, आणि सगळ्यात शेवटी हॅल्स्टेड साहेबही हसले. ठराव पडला. दुसऱ्याच आठवड्यात दांडा निघाला.

मित्रांनो, आता त्याच्या जागी दोन भोकं उरली आहेत. मिस अर्नेस्टिन त्यांतल्या एकात छत्री खोचतात आणि निवांत आडव्या होतात. मला ऊन चालतं, बर्फही चालतो. कधी तेलाचा हात फिरवलात तर बरं वाटेल. दमलेलं कुणी आलं तर सरकून घ्या. आणि पुन्हा कुणी दांडा ठोकायला आला, तर मला उचलायला या. मी जड आहे, एकट्याला उचलवणार नाही. चौघं मिळून या.