विटी तरंगली

येरमाळ्याच्या पुढं, माळावरच्या वस्तीशाळेत रुद्रेश सर नवीन आले आणि विज्ञान शिकवायला त्यांनी पहिली वस्तू मागितली ती बादली. नियम सोपा. आधी अंदाज सांगायचा, मग वस्तू पाण्यात टाकायची, मग डोळ्यांना दिसेल तेच बोलायचं. आठवडाभरात बादलीतून बटाटा, चप्पल, कुलूप आणि मुख्याध्यापक मल्लिनाथ गुरुजींची चष्म्याची डबी जाऊन आली. डबी तरंगली. आत चष्मा होता, त्यामुळं गुरुजी मात्र बुडाल्यासारखे दिसले.

चौथीतल्या महेश्वरीनं विटी टाकली. मामानं अंजनाच्या लाकडाची करून दिलेली. तरंगणार, असं सगळा वर्ग म्हणाला. विटी सरळ तळाशी गेली. महेश्वरी बादलीवर एवढी वाकली, की वेणी भिजली.

"सर, लाकूड असून बुडली. का वो?"

सरांना ठाऊक नव्हतं. शोधून सांगतो म्हणाले. तोवर पोरगी घरातलं लाकूड बुडवत सुटली. पोळपाट, लाटणं, रवी, शेवटी आजीची काठी. काठी वाळेपर्यंत इरम्मा आजी ओट्यावरून हलल्या नाहीत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नातीची तक्रार तिथूनच सांगत राहिल्या.

मग तपासणीची बातमी आली. साहेबांपुढं पोरं भलतंच बोलली तर शेरा पडतो, आणि पडलेला शेरा काही तरंगत नसतो, असं गुरुजींनी समजावलं. सरांची नोकरी अजून कच्ची होती. त्यांनी बादली पालथी घातली आणि पाठ करून घेतलं: लोखंड बुडतं, लाकूड तरंगतं. महेश्वरीनं हात वर केला.

"ती विटी दप्तरातच राहू दे," सर म्हणाले.

साहेब आले, प्रयोग दाखवा म्हणाले. बादली आली, कुलूप आलं, लाकूड आणायचं राहिलं. साहेबांनी पुढच्या बाकावरच्या महेश्वरीच्या दप्तरात हात घातला, विटी निघाली, ती टाकली. तळाशी टक् वाजलं.

"लाकूड तरंगलं," वर्ग एका सुरात म्हणाला.

साहेब तेवढ्यात फोनमध्ये बघत होते. त्यांनी मान डोलावली. महेश्वरी एकटी बादलीत बघत होती. सरांनी तिच्याकडं पाहिलं, रागानं नव्हे, हात जोडल्यासारखं. तिनं मान वर केली.

"तरंगलं," ती म्हणाली. शेरा 'उत्तम' पडला.

दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा बादली भरली. काल मीच चुकलो, तुझं बरोबर होतं, हे तिला सगळ्यांदेखत सांगितलं. उत्तरही शोधून आणलं होतं: अंजनाचं लाकूड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याहून जड असतं. मग विटी तिच्यासमोर पाण्यात सोडली आणि विचारलं, काय झालं सांग.

टक् वाजलं. महेश्वरी बादलीवर वाकली नाही. ती सरांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"तुमी सांगा, सर," ती म्हणाली. "तसं म्हनते."